पिवळी चिठ्ठी आणि चौथं कलम

माझं नाव व्हर्लिन ऑसन. गावात माझं लाकडाचं आणि खिळे-बिजागऱ्यांचं दुकान आहे, आणि गेली दहा वर्षं मी आमच्या जिल्ह्याचा आमदार आहे. आमच्याकडे आमदारकी हा पोटापाण्याचा धंदा नाही. दर दोन वर्षांनी हिवाळ्यात ऐंशी दिवस राजधानीत जाऊन बसायचं, कायदे करायचे, आणि बर्फ वितळलं की परत येऊन लोकांना बिजागऱ्या विकायच्या. त्याआधी बावीस वर्षं मी राज्याच्या नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे महिन्यातून दोन दिवस कवायतीला जायच्या अर्धवेळ फौजेत होतो. बंदुकीला फारसा हात लावला नाही. मी आचारी सार्जंट होतो. दोनशे माणसांचा रस्सा एका वेळी करण्यात माझा हातखंडा होता, आणि गावातली म्हातारी मंडळी अजूनही मला आमदारकीसाठी नाही, त्या रश्श्यासाठी ओळखतात.

हे सांगायचं कारण म्हणजे गार्डवर देखरेख ठेवण्यासाठी विधानसभेची कायमची समिती नेमावी, असं जे विधेयक यंदा आलं ते माझं होतं. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. घरच्याच माणसाने घर झाडायला घेतलं, असं काहीतरी खाली लिहिलं होतं. माझी बायको लव्हॉन तो कापून फ्रिजवर लावायला निघाली, तर मी म्हटलं, राहू दे. तिला वाटलं मी लाजतोय. लाजत होतोच, पण तिला वाटलं तसा नाही.

गोष्ट साडेतीन वर्षांपूर्वीची. आमदाराला पत्रं येतात. रस्त्यातला खड्डा, बर्फ न उपसणारी गाडी, शेजाऱ्याचा कुत्रा. पत्र ज्या खात्याचं असेल त्या खात्याला पाठवायचं, वर पिवळी चिकटचिठ्ठी लावायची, ‘कृपया बघावे’, आणि आपण मोकळं व्हायचं. ही आमची रीत. पहिल्याच वर्षी जुन्या आमदारांनी मला बजावलं होतं की पत्र घरात झोपू द्यायचं नाही. त्या गोष्टीचा मला भारी अभिमान होता. माझ्याकडे कुठलंही पत्र तिसऱ्या दिवसाचा सूर्य बघत नसे.

त्या शरदात कार्ला व्हॉस्लर नावाच्या बाईचं चार पानी पत्र आलं. गार्डच्या मालवाहू कंपनीत ती ट्रक चालवत होती, अकरा वर्षं झाली होती. महिन्यातला एक शनिवार-रविवार ज्या इमारतीत त्यांची कवायत असायची, तिथला कायम नेमणुकीवरचा सार्जंट बायकांशी कसा वागतो ते तिने लिहिलं होतं. गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडे. कुणाला कधी आत बोलावलं, दार कसं लावलं, काय म्हणाला, हात कुठे ठेवला, सगळं तारीखवार. शेवटी लिहिलं होतं, ‘माझं नाव तुमच्यापाशीच राहू द्या. तुम्ही आमच्यातलेच आहात म्हणून तुम्हाला लिहितेय.’

मी जेवणाच्या टेबलाशी बसून ते दोनदा वाचलं. संताप आला. खोटं कशाला बोलू, खरोखरच आला. आणि मग मी माझ्या रीतीप्रमाणे वागलो. राज्याच्या गार्डचा तेव्हाचा जनरल म्हणजे ड्युएन. तो कोवळा लेफ्टनंट होता तेव्हा माझ्या हातचं जेवलेला. मला वाटलं, सरकारी तक्रार केली तर या पोरीचे हाल होतील. त्यापेक्षा ड्युएनच्या कानावर घालावं, तो गुपचूप निस्तरेल. मी पत्र जसंच्या तसं, नावासकट, पाकिटात घातलं. वर पिवळी चिठ्ठी. ‘ड्युएन, हे जरा घरातल्या घरात बघ. पोरगी चांगली आहे. गवगवा नको.’

कार्लाला दोन ओळी टाकल्या, मी लक्ष घालतोय. तीन आठवड्यांनी ड्युएनचं उत्तर आलं, योग्य पातळीवर दखल घेतली आहे. मी लव्हॉनला म्हटलं, चला, एका पोरीचं काम झालं.

काय झालं ते मला दोन वर्षांनी कळलं. दुसरी एक बाई सरळ वर्तमानपत्राकडे गेली, बोभाटा झाला, चौकशी बसली, त्या सार्जंटला शिक्षा झाली आणि ड्युएन घरी गेला. चौकशीच्या अहवालात सत्तेचाळिसाव्या पानावर एक ओळ होती. आणखी एका महिलेच्या जुन्या तक्रारपत्राची छायाप्रत, नावासकट, आरोपीच्याच टेबलात सापडली. ती तिथे कशी पोचली ते कळू शकलं नाही.

मला कळलं. जनरलने कर्नलला पाठवलं, कर्नलने कॅप्टनला, आणि कॅप्टनने ‘आपले म्हणणे द्यावे’ म्हणून त्याच माणसाला. फौजेत कागद असाच पायरी पायरीने खाली उतरतो. बटाट्याच्या मागणीचा कागद कसा उतरतो ते मी बावीस वर्षं बघितलं होतं, मला ते तोंडपाठ होतं. बाईच्या तक्रारीचंही तसंच होईल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. माझी चिठ्ठी कुणीतरी काढून टाकली असणार, म्हणून माझं नाव कुठेच नव्हतं. ते नाही हे बघून मला सुटल्यासारखं वाटलं. या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लाज त्या सुटकेची वाटते.

मग मी विधेयक आणलं. समिती, तिचे अधिकार, आणि चौथं कलम. गार्डमधल्या कुणालाही समितीकडे थेट लिहिता येईल, आणि लिहिणाऱ्याचं नाव समितीच्या तिजोरीबाहेर कधीही, कुणाकडेही जाणार नाही. ते कलम मी स्वतःच्या हाताने लिहिलं, सात वेळा खोडून. प्रायश्चित्त करायचं, पण कुणाला न कळता, असा माझा साळसूद बेत होता.

सुनावणी शुक्रवारी होती. आमच्या राज्यात प्रत्येक विधेयकाची खुली सुनावणी होते, कुणीही येऊन बोलावं. सकाळी मी विधानभवनाच्या तळघरातल्या कॅन्टीनमध्ये कॉफी आणि साखरेच्या पाकातला रोल घेऊन बसलो होतो.

“सार्जंट ऑसन?”

चाळिशीच्या आसपासची बाई. केस मागे घट्ट बांधलेले, अंगात तेलाच्या टँकरवाल्यांचं जाड जाकीट.

“मी कार्ला व्हॉस्लर.”

तिला मी कधी पाहिलं नव्हतं. तिचं अक्षर मात्र मी कुठेही ओळखलं असतं.

“इथे बसू का सर?” तिने विचारलं.

“मला सर म्हणू नकोस बाई, मी जन्मभर कांदे चिरलेत,” मी माझा नेहमीचा विनोद केला. ती हसली आणि समोर बसली.

“तुमचे आभार मानायचे होते. समोर येऊन.”

“कशाचे?”

“कशाचे काय? तेव्हा माझं ऐकणारे तुम्ही एकटेच. ‘लक्ष घालतोय’ असं लिहिलं होतंत. ते कार्ड मी किती दिवस ट्रकमध्ये डोळ्यांसमोर खोचून ठेवलं होतं. पुढे ते सगळं फुटलं, त्यात तुमचा काय दोष?”

“फुटलं म्हणजे...”

“त्याने मला गोदामात बोलावलं आणि माझंच पत्र मला वाचून दाखवलं. पहिल्या ओळीपासून. मधे थांबून म्हणतो कसा, ‘अक्षर छान आहे हं तुझं.’ मग बदली. दोनशे मैलांवर. दर महिन्याला बर्फातनं जायचं आणि तिथे कुणी बोलायचं नाही. शेवटी सोडलं मी.”

मी रोलचे दोन तुकडे केले. आणि तरी मीच विचारलं. कुठल्या तोंडाने विचारलं ते देव जाणे.

“कुणी दिलं असेल, काही अंदाज?”

“अंदाज कसला, माहीत आहे मला. शॉना ब्रेके. माझ्याच ट्रकवर असायची, माझ्या शेजारच्या सीटवर. नऊ वर्षं. पत्र तिच्याच स्वयंपाकघरात बसून लिहिलं मी. दोन प्रती केल्या. एक तुम्हाला, एक तिच्याकडे ठेवली. आता तुम्ही तर देणार नाही. राहिलं कोण?”

“ती काय म्हणते?”

“रडली. पोरीची शपथ घेतली. तिच्या पोरीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता म्हणून उभी होते, सार्जंट. हाताने शिवलेला झगा घातला होता मी तिला. तीन वर्षं झाली, त्या पोरीचं तोंड बघितलं नाही. गावात तर शॉनाला सगळे चुगलखोरच म्हणतात. तिनेही गार्ड सोडलं. आता शाळेची बस चालवते.” कार्लाने टेबलावरची साखरेची पुडी उचलली, परत ठेवली. “कधी कधी वाटतं, नसेलही केलं तिने. कुठेतरी आत वाटतं.”

तीच वेळ होती. समोर बसलेली बाई, मधे एक टेबल, आजूबाजूला कुणी नाही. एवढंच म्हणायचं होतं, तिने नाही केलं, मी केलं.

“अर्धा रोल घेतेस का?” मी म्हणालो.

ती नको म्हणाली.

सुनावणी घेणाऱ्या समितीत मी धरून तेराजण होतो, आणि आर्डिस कोल्बी अध्यक्षस्थानी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, जन्मभर चौथीच्या वर्गाला शिकवलेली, गालात कायम पेपरमिंटची गोळी. नव्या जनरलच्या वतीने कर्नल विटमर आला होता. आम्ही विधेयकाच्या बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही, अशी त्याने सुरुवात केली.

“मग दोनशे मैल कशाला आलात? पेट्रोल फुकट मिळतं?” आर्डिसने विचारलं.

लोक हसले. विटमरही हसला. हुशार माणूस. समितीला आमचं काही म्हणणं नाही, म्हणाला, फक्त चौथं कलम तेवढं खटकतं. नाव आमच्यापासून लपवलं तर चौकशी करायची कशी? आणि वरिष्ठ मार्गाने नाव फुटल्याचं एकही उदाहरण आमच्या दप्तरी नाही. एकही नाही, असं त्याने पुन्हा सांगितलं.

कार्ला उठली, माइकपाशी गेली आणि सगळं बोलली. मला सांगितलं तसंच, फक्त आवाज न कापता. शॉनाचं नाव तिने घेतलं नाही, ‘एक मैत्रीण’ म्हणाली. माझं घेतलं. “मी पत्र एका माणसाला लिहिलं, ते आमदार ऑसन. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.”

आर्डिसने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “व्हर्लिन, सरळ विचारते. ते पत्र तुझ्याकडून पुढे कुणाकडे गेलं होतं का?”

सरळ प्रश्न. खोलीत तीसेक माणसं. कार्ला माझ्याकडे वळून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नव्हता. उलट मला असं विचारावं लागतंय म्हणून तिलाच ओशाळल्यासारखं झालं होतं.

“माझ्याकडची पत्रं खणात असतात,” मी म्हणालो. “खणाला कुलूप असतं.”

शब्द न शब्द खरा आहे. खण आहे, कुलूप आहे, खात्यांकडून उत्तरं येतात ती पत्रं त्यातच असतात. इतकं धडधडीत खोटं मी आयुष्यात दुसरं बोललो नाही.

“मग हे खासगी बेइमानीचं प्रकरण झालं,” आर्डिस म्हणाली. “मैत्रिणीने दगा दिला तर त्यावर कायदा काय करणार?” पुढच्या दहा मिनिटांत चौथं कलम बदललं. तक्रारीची एक प्रत, नावासकट, जनरलच्या कार्यालयाला पडताळणीसाठी पाठवावी. बारा विरुद्ध एक. मी विरुद्ध मत दिलं, तोंडातून मात्र शब्द काढला नाही. म्हणजे मी एकदा जे चुकून केलं होतं, तेच यापुढे समितीने प्रत्येक बाईच्या बाबतीत करायचं, कायद्याने.

बाहेर व्हरांड्यात कार्लाने माझा हात हातात घेतला. “जाऊ द्या. तुम्ही आपल्याकडून केलंत.” मग जरा थांबून म्हणाली, “एक बरं झालं. मनात कुठेतरी होतं ना, की शॉनाने नसेल केलं? ते मिटलं आता. कुलूप होतं म्हटल्यावर मिटलंच.”

ती जिन्याने खाली गेली. मी तिथल्या बाकावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यांपैकी दोघांनी माझी पाठ थोपटली.

शनिवारी घरी गेलो. दुपारी लव्हॉनने ओव्हनमध्ये भाजलेले बटाटे केले होते. मी दोन घास खाल्ले.

“बरं नाही का?”

“बरं आहे.”

“मग मिठात काही चूक आहे? आचाऱ्याने नाक मुरडलं असेल तर सांगून टाक बाबा.”

मी सुनावणीचं सांगितलं. कर्नल, कलम, कार्ला, मैत्रीण. माझं सोडून सगळं. लव्हॉनने हातातला चमचा खाली ठेवला.

“व्हॉस्लर. तू ते पत्र वाचून इथेच टेबलावर हात आपटला होतास. मीठदाणी पडली होती.”

“हो.”

“आणि मग ड्युएनला जाड पाकीट पाठवलंस. दोन तिकिटं लागली. मीच लावली.”

मी मीठदाणी उगीच सरळ केली. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं पुरतं.

“त्या दुसऱ्या पोरीचं काय?” तिने विचारलं. “जिने काहीच केलं नाही, तिचं?”

“सांगणार आहे मी.”

“तू सांगणार नाहीस,” ती म्हणाली. चिडून नाही म्हणाली. भांडी उचलता उचलता म्हणाली, आणि म्हणून ते मला लागलं.

सोमवारी विधेयक सभागृहात आलं. आमच्याकडे कुणाही सदस्याला कामकाज थांबवून ‘दोन शब्द स्वतःचे’ म्हणून उठता येतं. या सोयीचा उपयोग काय होतो? वाढदिवस. बास्केटबॉल जिंकलेल्या पोरींचं कौतुक. वर सज्जात आलेल्या शाळेचं स्वागत, अमक्याला नातू झाला म्हणून टाळ्या. मी उठलो तेव्हा सभापतीने हसूनच माइक दिला, आणि शेजारचा सदस्य कुजबुजला, “नातू झाला काय रे?”

मी म्हणालो, “शुक्रवारी आर्डिस कोल्बींनी मला एक प्रश्न विचारला. मी खोटं उत्तर दिलं. ते पत्र मी पाठवलं होतं, जनरलला, नावासकट, वर चिठ्ठी लावून. नाव सांगू नका असं तिने लिहिलं असताना. चौथं कलम ज्या कारणासाठी मोडलं ते कारणच खोटं आहे. नाव वरिष्ठ मार्गानेच फुटलं, आणि त्या मार्गावर ते मी घातलं. मैत्रिणीने काही केलं नव्हतं.”

त्या दिवशी सज्जात चौथीचा वर्ग बसला होता. त्यांच्या बाई त्यांना टाळ्या वाजवायला सांगाव्यात की नाही, या विचारात पडल्या होत्या. सभापतीने घसा साफ केला. मग आर्डिस उठली आणि विधेयक परत समितीकडे मागितलं, आणि दुपारपर्यंत चौथं कलम होतं तसं पुन्हा घातलं गेलं. संध्याकाळी मतदानाच्या फलकावर हिरवे दिवे लागले, ऐंशी विरुद्ध अकरा. समिती झाली. अध्यक्ष व्हायचं मी आधीच नाकारलं होतं.

आणि मग जे झालं ते मला अजून सहन होत नाही. लोक येऊन माझा हात हातात घेऊ लागले. “धाडस लागतं याला.” “फार थोडे करतील असं.” एक तर डोळे पुसत होता. तीन वर्षं एका बाईच्या तोंडाला काळं फासून ठेवल्याबद्दल मला शाबासकी मिळत होती, आणि मी प्रत्येकाला “थँक यू” म्हणत होतो.

आर्डिसने हात पुढे केला नाही. तिने गालातली गोळी एका बाजूची दुसऱ्या बाजूला घेतली. “उशिरा हात वर करणारी पोरं मी लांबून ओळखते, व्हर्लिन. शुक्रवारी तुला ओळखलं नाही. वय झालं माझं.” एवढं बोलून ती गेली.

सगळं सभागृह आता घरबसल्या बघता येतं, त्यामुळे कार्लाने ऐकलं असणार. मी तिला दोनदा फोन केला, तिने घेतला नाही. ते तिचं बरोबरच होतं. मंगळवारी मी रजा टाकली आणि शॉना ब्रेकेच्या गावाला गाडी काढली.

शाळेच्या बसगाड्यांचं गॅरेज गावाच्या टोकाला आहे. दुपारी दोनचा सुमार, मुलं सुटायला दीडेक तास होता. आत सात-आठ ड्रायव्हर टेबलाभोवती कॉफी पीत, पत्ते खेळत बसले होते. शॉना त्यांच्यात नव्हती. ती बाहेर एकटीच आपल्या बसच्या काचेवरचं बर्फ खरवडत होती. सडसडीत, डोक्यावर लोकरीची टोपी.

“मी व्हर्लिन ऑसन.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. हात थांबवला नाही. “टीव्हीत जरा बरे दिसता.”

“मी सांगायला आलोय की...”

“ऐकलं मी. काल घरी होते. पोरगी आजारी होती.” काचेवरचा एक मोठा पापुद्रा निघून खाली पडला. “काय लिहिलं होतंत त्या चिठ्ठीवर? नक्की शब्द काय?”

मी सांगितले. हे जरा घरातल्या घरात बघ. पोरगी चांगली आहे. गवगवा नको.

“पोरगी चांगली आहे,” शॉना म्हणाली. “आणि मी?”

मी म्हणालो की मला फार लाज वाटते, की मी तिला लेखी देईन, वर्तमानपत्रात छापून आणीन, म्हणेल ते करीन.

“छापून कुणाला वाचायला? राजधानीतल्या लोकांना? त्यांनी मला कधी काही म्हटलं नव्हतं हो.” तिने आता खरवडणी खाली ठेवली आणि गॅरेजच्या दाराकडे हात केला. “हे आत बसलेत ना, यांनी म्हटलं. तो कोपऱ्यातला लाल टोपीवाला, तो आमच्याच कंपनीत होता. तीन वर्षं झाली, मी टेबलापाशी गेले की हा पत्ते पालथे घालतो. ‘जपून रे, चिठ्ठी जाईल वर.’ रोज. एक दिवस चुकला नाही. तुम्ही तिथे झेंड्याखाली, सूट घालून बोललात. इथे या. इथे बोला.”

“आत्ता?”

“नाहीतर कधी? सव्वातीनला बसगाड्या निघतात.”

मी तिच्या मागून आत गेलो. हीटरची ऊब होती, डिझेलचा वास होता. शॉनाने दार लावून घेतलं आणि म्हणाली, “या आमदारसाहेबांना काहीतरी सांगायचंय.” लाल टोपीवाल्याने हातातले पत्ते पालथे घातले.

सभागृहात मी पाठ करून बोललो होतो. इथे मला एक वाक्य धड जुळवता येईना. बावीस वर्षं याच माणसांसारख्या माणसांना मी जेवायला वाढलं होतं. त्यातले दोघे मला ओळखून मान हलवत होते, एकाने माझ्यासाठी खुर्चीही सरकवली. मी बसलो नाही. म्हणालो, कार्ला व्हॉस्लरचं पत्र मी फोडलं. शॉनाने नाही. मी.

कॉफीचं भांडं तेवढं गुरगुरत होतं.

“ऐकू आलं नाही मागे,” शॉना म्हणाली. “परत सांगा.”

सगळ्यांना ऐकू आलं होतं. मी परत सांगितलं. आणि पुढचंही सांगत गेलो, चिठ्ठीचं, ड्युएनचं, खणाच्या कुलपाचं. शुक्रवारी खोटं बोललो ते. लाल टोपीवाल्याने टोपी काढली, हातात फिरवली आणि टेबलाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मला ओळखीचा वाटला. शुक्रवारी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो तेव्हा माझा असाच झाला असणार.

इथे कुणी माझा हात हातात घेतला नाही.

शॉनाच्या जाकिटात फोन वाजायला लागला. तिने काढून बघितला.

“कार्ला. कालपासून करतेय,” ती म्हणाली, मला नाही, कुणालाच नाही. “उचलत नव्हते. म्हटलं, आधी इथे होऊ दे.”

ती दार उघडून बाहेर गेली. काचेतून दिसत होती, दोन पिवळ्या बसगाड्यांच्या मधल्या वाटेत, फोन कानाला. ती नुसती ऐकत होती. मला तिथून निघायचं होतं, पण निघायची वाट तिच्याच समोरून होती. म्हणून मी त्या माणसांबरोबर आतच उभा राहिलो, आणि सव्वातीन वाजेपर्यंत माझ्याशी कुणी बोललं नाही.